घोड्याचं नाव सँडी

गेल्या हिवाळ्यात आमच्या पाड्यावर एक ऑस्ट्रेलियन माणूस आला. गंजाडला परदेशी पाहुणा येणं ही काही बातमी नाही. जिव्या सोमा म्हसे इथल्या कळंबीपाड्याचे. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री, आणि त्यांच्यामुळे आमच्यासारखी कितीतरी पोरं आज चित्रांवर पोट भरतात. पाहुणे डहाणू रोडला उतरतात, रिक्षा करून येतात, चित्रं बघतात, चहा पितात, दोन-चार चित्रं घेतात आणि संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला जातात. हाही तसाच असेल असं मला वाटलं.

पण यानं चित्रं बघायच्या आधी फोन काढला. फोनमध्ये त्याच्या आजीच्या भावाची फाईल होती. पहिल्या महायुद्धात तो घोडदळात होता. तिकडे त्याला लाइट हॉर्स म्हणतात. विसाव्या वर्षी भरती झाला, इजिप्त आणि पॅलेस्टाइनमध्ये लढला, जिवंत परत आला. त्याचं घोड्यासकट चित्र हवं होतं, वारली पद्धतीचं. टोपीत इमूचं पीस पाहिजेच, असं दोनदा बजावून सांगितलं.

मी फाईल चाळली. चाळीसेक पानं. उंची, वजन, छाती फुगवून किती आणि न फुगवता किती. डोळ्यांचा रंग. धर्म. दंडावर देवीच्या टोचणीचे व्रण किती. इजिप्तमध्ये ताप आला ती तारीख. रजेवरून उशिरा परतला म्हणून कापलेला पगार. आईनं लष्कराला लिहिलेलं पत्र, की पोराची खुशाली कळलेली नाही, तो कुठे आहे ते कळवा. आणि लष्करानं त्या आईला दिलेल्या उत्तराची प्रतसुद्धा. शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी शेतकऱ्याच्या पोराच्या दंडावरचे व्रण मी गंजाडमध्ये ओट्यावर बसून मोजत होतो.

मग त्यानं सहज विचारलं, "तुमच्या इथून कोणी गेलं होतं का?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला मात्र ते उत्तर घशाखाली उतरेना. अजून उतरलेलं नाही.

आधी त्यांचं सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं पहिल्या महायुद्धातल्या आपल्या सैनिकांच्या सुमारे पावणेचार लाख फायली स्कॅन करून सगळ्यांसाठी खुल्या केल्यात. पैसे लागत नाहीत, अर्ज लागत नाही, ओळख लागत नाही. नाव टाका, फाईल उघडा. त्या देशाची तेव्हाची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आतली. आज आपल्या एकट्या मुंबईत त्याच्या दुपटीहून जास्त माणसं राहतात.

त्या पावणेचार लाखांत एक हॅरी बेल आहे. ३१ ऑक्टोबर १९१७ ला बीरशेबाला ऑस्ट्रेलियन घोडदळाची प्रसिद्ध चढाई झाली, त्यातला. चौथ्या आणि बाराव्या रेजिमेंटचे सुमारे ८०० स्वार संध्याकाळच्या उन्हात तुर्की खंदकांवर सुटले. त्यांच्याकडे तलवारी नव्हत्या, म्हणून बंदुकीच्या संगिनी तलवारीसारख्या हातात धरल्या. घोडे दीड-दोन दिवस पाण्याविना होते आणि गावातल्या विहिरी पलीकडे होत्या. विहिरी मिळाल्या. ३१ स्वार मेले. हॅरी त्या चढाईत जखमी झाला आणि नंतर गेला. वय अवघं सोळा. भरतीच्या वेळी त्यानं वय खोटं सांगितलं होतं, आडनावही खोटं. तरी त्याचं खरं नाव, खरं वय, खरे आईबाप, सगळं शोधून नोंदवलं गेलं.

पोरानं खोटं नाव सांगितलं, तरी देशानं खरं शोधून काढलं. आपल्याकडच्या पोरांनी खरी नावं सांगितली होती.

आणखी एक सांगतो, मग आपल्याकडे येतो. ऑस्ट्रेलियानं त्या युद्धासाठी सव्वा लाखाहून जास्त घोडे परदेशी पाठवले. परत नेला फक्त एक. तो गॅलिपोलीत जखमी होऊन मेलेल्या एका जनरलचा घोडा. बाकीचे मेले, थकलेल्यांना गोळ्या घातल्या, पुष्कळसे विकले किंवा हिंदी घोडदळाकडे सोपवले. वेलर म्हणत त्या जातीला, न्यू साउथ वेल्सवरून पडलेलं नाव. युद्धाच्या कितीतरी आधीपासून हे घोडे जहाजांतून मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला उतरत आणि इथल्या फौजेत जात. म्हणजे एकाच जातीचे घोडे दोन्ही देशांच्या स्वारांखाली होते. परत गेलेल्या त्या एका घोड्याचं नाव सँडी. हे मला आधी माहीत नव्हतं, पण शोधायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

आता ज्याला खरारा केला, पाणी दाखवलं, चंदी घातली, तो मोतद्दार कोण होता? आमच्या पट्ट्यात घोडा म्हटला की म्हाताऱ्यांना आधी गवत आठवतं. गवत कापणं, भारे बांधणं, वेठीनं ओढणं, हे आमचं काम. घोडा सावकाराचा नाही तर साहेबाचा. आमच्या घरात घोडा फक्त भिंतीवर. सवाशिणी लग्नचौक लिहितात तेव्हा पालघट देवीच्या बाजूला पाच डोक्यांचा पंचशिर्या घोड्यावर बसलेला असतो. त्यामुळे घोडा काढायला माझा हात बिचकत नाही. पाहुण्याचा घोडा मी एका सकाळी काढला. अडलो ते घोड्याच्या भोवती कोणाला काढायचं इथे.

आपल्या बाजूचे आकडे असे. त्या युद्धात अविभाजित भारतातून सुमारे १३ लाख माणसं परदेशी गेली. ७४ हजारांवर मेली. सगळे काही बंदूकवाले नव्हते. मोतद्दार, खेचरवाले, पाणके, स्वयंपाकी, डोलीवाले, हमाल असे लाखो लोक त्यात होते. फॉलोअर्स म्हणत त्यांना, म्हणजे मागून चालणारे. ऑस्ट्रेलियन लाइट हॉर्स आणि हिंदी घोडदळ १९१८ साली पॅलेस्टाइनमध्ये एकाच कोअरमध्ये होते, एकाच ऑस्ट्रेलियन जनरलच्या हाताखाली, हॅरी शॉव्हेलच्या. धूळ तीच, विहिरी त्याच, ताप तोच. दमास्कसकडे दोघं बरोबर गेले. एकाची फाईल चाळीस पानांची. दुसऱ्याचं काय झालं?

बसराला जे युद्धस्मारक आहे, त्यावर ४० हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे. ब्रिटिश शिपायांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायाच्या वाट्याला काय आलं, तर पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. हे नजरचुकीनं झालेलं नाही, ठरवून केलेलं आहे. ज्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे ही स्मारकं आहेत, त्यांनीच नेमलेल्या समितीनं २०२१ साली हे लिहून दिलं. हिंदी आणि आफ्रिकी मृतांपैकी ४५ ते ५४ हजारांची नोंद गोऱ्यांच्या बरोबरीनं झाली नाही. त्याशिवाय किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसं अशी, की ज्यांची नावानं किंवा मुळीच आठवण ठेवली गेली नाही. ब्रिटिश सरकारनं संसदेत माफी मागितली. आपल्याकडे त्याचं काय झालं? दोन दिवस बातम्या आल्या.

यात मराठी माणूस कुठे आहे, असं विचाराल. अगदी मध्यभागी आहे. मेसोपोटेमियात गेलेल्या फौजेचं नावच सहावी (पूना) डिव्हिजन. त्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात त्या कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. १४७ दिवस. धान्य संपत आलं तेव्हा घोडे आणि खेचरं कापली. कितीतरी हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस खायला दीर्घकाळ नकार दिला आणि ते खंगत गेले. २९ एप्रिलला शरणागती. मग वाळवंटातून कैदेकडे पायपीट आणि वाटेवर मरण. आपण ज्याला घोड्यावरचा मराठा म्हणून मिरवतो, त्याची विसाव्या शतकातली घोड्याची गोष्ट ही अशी आहे. घोडा समोर शिजतोय आणि तो खायचा की नाही हे ठरवायचंय.

कारण घोड्यावर त्याला इंग्रजांनी फारसं ठेवलंच नव्हतं. 'लढाऊ जाती'च्या त्यांच्या वहीत मराठ्याची जागा पायदळात. पूना हॉर्स ही रेजिमेंट १८१७ च्या तहातून पेशव्यांच्या पैशावर उभी राहिली, नाव पुण्याचं, पण फ्रान्समध्ये आणि पॅलेस्टाइनमध्ये लढताना तिचे स्वार प्रामुख्यानं राठोड, कायमखानी आणि पंजाबी होते. महारांना तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भरतीतूनच बाहेर काढलं. १९१७ साली माणसं कमी पडली तेव्हा १११ नंबरची महार पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत मोडली. गरज सरो, वैद्य मरो. यावर आपल्या शाळेच्या पुस्तकात किती ओळी होत्या, आठवून बघा.

दर वर्षी २३ सप्टेंबरला मात्र फोन भरून वाहतो. हैफा दिन. जोधपूर लान्सर्सनी मशिनगनच्या तोंडावर भाले घेऊन शहर जिंकलं, मेजर दलपतसिंग पडले, १३५० कैदी पकडले. खरं आहे सगळं. मोठं काम होतं. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकाला २०१८ साली तीन मूर्ती हैफा चौक असं नावही दिलं. त्या तीन मूर्ती जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबादच्या स्वारांच्या. तीन ब्राँझची माणसं, एकालाही नाव नाही. संस्थानाचं नाव आहे. हैदराबाद म्हणजे तेव्हा मराठवाडाही. त्या लान्सर्समध्ये औरंगाबादचे, परभणीचे, बीडचे किती होते, हा साधा प्रश्न कुठल्या फॉरवर्डमध्ये मी पाहिला नाही. हैफाला आपली माणसं आठ पडली आणि घोडे साठ, असं वाचतो. ते आठ कोण? सगळी नावं सांगणारा मेसेज मला अजून आलेला नाही. येईल त्या दिवशी मीही फॉरवर्ड करीन.

माझं भांडण या अभिमानाशी आहे. तो फुकटात मिळतो, त्यासाठी काही शोधावं लागत नाही, आणि म्हणून तो कोणाचाच नसतो.

समोरून उत्तर येतं ते मला ठाऊक आहे, कारण मीही ते दिलेलं आहे. ती इंग्रजांची लढाई होती. पगारासाठी गेले. त्यांची कसली आठवण काढायची? हे म्हणणाऱ्यांत आमच्या चळवळीतले मित्रही आहेत, ज्यांना मी मानतो. पण ऑस्ट्रेलियन पोरगाही इंग्रजांसाठीच गेला होता. आणि आपल्याकडे तेव्हा हा प्रश्न इतका सोपा नव्हता. जून १९१८ ला मुंबईत गव्हर्नर विलिंग्डननं युद्धपरिषद बोलावली. टिळक होमरूलचं बोलायला लागले, त्यांना अडवलं, ते उठून बाहेर पडले. तेच टिळक स्वराज्याच्या बदल्यात भरतीला तयार होते. देशातला सगळ्यात कडवा माणूस त्या लढाईकडे दोन्ही डोळ्यांनी बघत होता, आणि आपण कर्जापायी भरती झालेल्या सातारच्या किंवा रत्नागिरीच्या पोराला भाडोत्री म्हणून मोकळे होतो. नाव लिहिणं म्हणजे आरती करणं नव्हे. तो चुकीच्या लढाईत मेला असेल, तर निदान कोण मेला ते तरी कळू दे.

दुसरं उत्तर जास्त गोड आहे. आपली परंपरा मौखिक, आपल्याला नोंदींची सवय नाही, वीरगळांवरही बहुधा नाव नसतं. बरोबर. पण बोरिवलीला उतरा आणि एकसरचे वीरगळ बघा, आमच्याच पश्चिम रेल्वेवर आहेत. दगडावर जहाजं आहेत, वल्ही आहेत, लढाई आहे, मेलेल्यांना वर नेणाऱ्या अप्सरा आहेत. नाव नसेल, पण माणूस कसा मेला ते आहे. आता युद्धानंतर इंग्रजांनी आपल्या गावोगावी लावलेल्या फरशा बघा. मी अशी एक साताऱ्याकडे देवळाच्या भिंतीत पाहिली. या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. संपलं. नाव नाही, चित्र नाही. अपशिंगे गावातून ४६ जण त्या युद्धात मेले असं सांगतात, आणि गावाला त्याचा सार्थ अभिमान आहे. पण बहुतेक गावांत त्या फरशीवर चुना चढलाय, खाली चपला असतात. आकड्याला कोण हार घालणार?

आणि मौखिक परंपरेची सबब माझ्यासमोर तरी सांगू नका. आमच्याकडे अक्षरओळख नसलेल्या माणसांनी नाव जपून दाखवलंय. माझा आजा 'लढाई' म्हणायचा ती बसराची नव्हे. महायुद्ध संपून दोन महिने झाले नव्हते, आणि इकडे डहाणू-तलासरीत गवतकापणीचा संप सुरू होता. ५०० पौंड गवताला अडीच रुपये द्या, एवढीच मागणी. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात जेठ्या गांगड पडला. गोदावरी परुळेकरांनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहिलं, पण पुस्तक यायच्या आधीच पाड्यापाड्यावर ते नाव पोचलेलं होतं, आणि आजही त्या दिवशी लोक जमतात. कुठलं अभिलेखागार नव्हतं, बजेट नव्हतं. लोकांनी दर वर्षी जमायचं ठरवलं, एवढंच.

ऑस्ट्रेलियाचं गुणगान करून मला थांबायचं नाही. पाहुण्यालाही मी हे बोललो, त्याला माहीत होतं. त्यांच्याकडच्या आदिवासींना आधी भरतीलाच बंदी होती. मूळ युरोपियन वंशाचा नसेल तर नको, असा नियम. १९१७ साली माणसं कमी पडू लागली तेव्हा अर्धा दरवाजा उघडला. एक हजाराहून जास्त गेले, त्यांतले कितीतरी लाइट हॉर्समध्ये, कारण गुरांमागे घोडा पळवणं त्यांच्या हाताखालचं काम. परत आल्यावर गोऱ्या सैनिकांना शेतजमिनी वाटल्या. यांना जवळजवळ कोणालाच मिळाली नाही. काही ठिकाणी यांच्याच राखीव जमिनी काढून गोऱ्या सैनिकांना दिल्या. हे ऐकताना मला काही परकं वाटलं नाही. फरक एवढाच, की तिकडे आज हा अन्याय नावासकट सांगता येतो, कारण फाईल आहे. कागद असला की भांडता येतं. वनहक्काचा दावा भरलेल्या कुठल्याही घरात जाऊन विचारा.

मग करायचं काय? सरकारनं करायचं ते उघड आहे. जुन्या लष्करी याद्या स्कॅन करून खुल्या करा. होऊ शकतं. पंजाबातल्या ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदी लाहोरच्या संग्रहालयात ९७ वर्षं पडून होत्या, त्या २०२१ पासून इंग्लंडमधले एक पंजाबी वारसा मंडळ आणि ग्रीनिच विद्यापीठ मिळून ऑनलाइन आणतायत. पंजाब्यांनी केलं. आपण महाराष्ट्र म्हणून निदान मागणी तरी केलीय का? एका सरकारी कार्यालयात मी तोंडी चौकशी केली, तर समोरच्यानं विचारलं, "पेन्शनचं काम आहे का?" नाही म्हटल्यावर त्याला माझा प्रश्नच कळेना. त्याच्यावर रागावून उपयोग नाही. त्याला हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

पण सरकारची वाट बघत बसायचं कारण नाही, तुमच्या हातात फोन आहे. कॉमनवेल्थ कमिशनच्या यादीत काही हिंदी नावं आहेत, बापाच्या आणि गावाच्या नावासकट. सगळी रोमन लिपीत, साहेबाच्या कानाला जशी ऐकू आली तशी. गावांची स्पेलिंग अशी की गूगलसुद्धा हात टेकतं. ती वाचू शकणारा माणूस एकच, त्या तालुक्यातला. खेड कुठलं, पुण्याचं की रत्नागिरीचं, हे आडनावावरून तुम्हाला कळेल, लंडनच्या कारकुनाला कळणार नाही. दिवसाला पाच नावं देवनागरीत आणा. रील बघण्याइतकाच वेळ लागतो.

आणि घरातली पेटी उघडा. त्या युद्धाची ब्रिटिश वॉर मेडल्स घरोघरी आली होती. चांदीची शिपायाला, आणि काशाची हमाल-मजूर तुकड्यांतल्या कित्येकांना. मरणातही धातू वेगळा. चांदीची बहुतेक सोनाराकडे वितळली असणार, दुष्काळ काही एकदाच येत नाही. काशाच्याला भाव नव्हता म्हणून ती उरलीत. पदकाच्या दर्शनी बाजूला राजाचा चेहरा असतो, तो बघू नका. कड बघा. नंबर, नाव आणि तुकडी तिथे ठोकलेली असते.

पाहुण्याचं चित्र मी पूर्ण केलं. घोडा, स्वार, टोपीतलं पीस. भोवती मी माणसं काढली. एक गवताचा भारा घेतलेला, एक पखालवाला, एक लगाम धरून उभा. "हे कोण?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "हे होते." त्यानं चित्र गुंडाळून नळकांड्यात घातलं आणि ठरल्यापेक्षा थोडे जास्त पैसे दिले.

हे सगळं मी चिपळूणकडच्या एका मित्राला फोनवर बोललो होतो. परवा रात्री त्याचा फोटो आला. आजीच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली, काशाचं पदक. लहानपणी तो त्याचा भोवरा करून फिरवायचा. मी कड झूम करून बघतोय. नंबर नीट लागतोय. नावाची पहिली तीन अक्षरं घासून गेलीत. चौथं बहुतेक 'के' आहे.